प्रार्थना करूनही देव जवळ वाटत नाही. त्याच्यात आश्रय कसा शोधावा?

देव जवळ वाटण्याची वाट पाहू नका. मनात जे आहे ते, तक्रारीसकट, त्याच्यापुढे मांडा. बायबलमधली स्तोत्रं हेच शिकवतात. ६२व्या स्तोत्राच्या ८व्या वचनात देवाला आश्रय म्हटलंय आणि तिथेच त्याच्यापुढे मन मोकळं करायला सांगितलंय. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरीही ती प्रार्थनाच आहे; खचलेल्या माणसासाठी मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. खुद्द येशूने वधस्तंभावर २२व्या स्तोत्रातला टाहो फोडला. शब्द सुचत नसतील तर रोज एक स्तोत्र सावकाश, मोठ्याने वाचा. मात्र झोप-भूक उडाली असेल तर पाळक किंवा फादर यांच्याशी बोला आणि डॉक्टरांनाही जरूर दाखवा.