थिसलगॉर्मवर जाताय? वाचकांचे प्रश्न

आम्ही पुण्या-मुंबईचे आणि दुबईतले मिळून बारा जण इजिप्तमधल्या शर्म अल शेखहून बोटीने जाऊन तांबड्या समुद्रात बुडालेलं थिसलगॉर्म हे जहाज स्कूबा डायव्हिंग करून बघणार आहोत. नऊ जणांनी डायव्हिंगचा ॲडव्हान्स्ड कोर्स केलाय, आम्ही तिघांनी फक्त त्याआधीचा ओपन वॉटर. आमच्यामुळे बाकीच्यांचा विरस नको. चालून जाईल का?

चालवून घेऊ नका. ओपन वॉटरची मर्यादा 18 मीटर. या जहाजाचा डेक साधारण तिथेच आहे आणि तळ 30 मीटरवर, म्हणजे तुमची हद्द संपते तिथे जहाज सुरू होतं. वर पाण्याच्या प्रवाहाचा जोर असतो, दोर धरून उतरावं लागतं. तारकर्लीला किंवा शर्मला दोन-तीन दिवस आधी पोचून ॲडव्हान्स्ड कोर्स करा. तेवढी सवड नसेल तर त्या दिवशी दुसरीकडे प्रवाळ बघा. आणि विरसाचं म्हणाल, तर ज्या गटाला आपल्यातल्या नवख्यासाठी बेत बदलता येत नाही, त्या गटाबरोबर मी तरी पाण्यात उतरणार नाही.

माझी हवा नेहमी सगळ्यांच्या आधी संपते. मी वर निघालो की बाकीच्यांनाही यावं लागतं. फार ओशाळल्यासारखं होतं.

आधी हिशेब पाहू. 12 लिटरचं सिलिंडर 200 बार दाबाला भरलं की 2400 लिटर हवा होते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असतील, तर 30 मीटरवर दाब चौपट, म्हणून 80 लिटर लागतात. अख्खं सिलिंडर अर्ध्या तासात रिकामं. जहाजाच्या आत शिरताना तर तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळायचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक अडीअडचणीला. पहिला हिस्सा दहा मिनिटांचाच. तेव्हा तुमची हवा किती पुरते हे बोटीवरच सगळ्यांना सांगा आणि बेत त्यावरच बांधू द्या. तुमच्यासारखीच हवा लागणारा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, मिळाला तर उत्तमच.

हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण नवखा असताना मीही उरलेली हवा दाखवणाऱ्या गेजवर हात ठेवून काटा लपवला होता. त्या वेळी निभावलं, पण ती भीती अजून विसरलो नाही. पुढे याच जहाजाच्या माल भरायच्या दुसऱ्या खणात, तिथल्या मोटारसायकलींच्या रांगेशेजारी, माझ्या बडीने अंगठा वर केला. आपल्याकडे अंगठा म्हणजे ‘मस्त’, पाण्याखाली मात्र ‘वर चला’. त्याचा गेज पाहिला: 110 बार. हवा भरपूर होती, पण मास्कमागचे डोळे विस्फारलेले. चौघेही वळलो, दोरापाशी आलो, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबून वर आलो. ‘छत अंगावर येतंय असं वाटलं,’ एवढंच तो म्हणाला. कुणी जास्त विचारलं नाही. कुणालाही, केव्हाही, कारण न देता अंगठा वर करता आला पाहिजे. हे बोट सुटण्याआधी गटात मोठ्याने बोलून घ्या.

मला बोट लागते. काय करू?

गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि ती आधी घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. झोप येत असेल तर ती डायव्हिंगला चालणार नाही. शर्महून एका दिवसाच्या सहलीची बोट पहाटे, अंधारातच सुटते आणि काही तास लागतात. उपाशीपोटी निघू नका. आलेपाक जवळ ठेवा, मोकळ्या हवेत क्षितिजाकडे बघत बसा.

शेवटच्या दिवशी दुपारी डाइव्ह संपवून रात्री सिनाई पर्वत चढायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान धरायचं, असं एकाने ठरवलं आहे. विमानाआधी चोवीस तास होतात. ठीक ना?

विमानाचं गणित बरोबर आहे, डोंगराचं चुकलं. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान 18 तास थांबायला सांगतात, कारण उंचीवर दाब कमी होतो आणि अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. सिनाईचं शिखर 2285 मीटरवर आहे. विमानाच्या केबिनमधला दाबही जवळपास तसाच असतो. डोंगर आधी चढा, पाण्यात नंतर उतरा.

थिसलगॉर्मवर म्हणे बुटांचा खच पडलाय. आठवण म्हणून एखादा आणला तर?

नाही. उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश सैन्यासाठी ट्रक, मोटारसायकली, रायफली, गमबूट आणि रेल्वेची दोन इंजिनं घेऊन हे जहाज आफ्रिकेला वळसा घालून आलं होतं. 6 ऑक्टोबर 1941 च्या रात्री जर्मन विमानांनी ते बुडवलं. दारूगोळ्याचा स्फोट एवढा होता की इंजिनं डेकवरून उडून समुद्राच्या तळाशी पडली. नऊ माणसं गेली. त्यानंतर आलेल्या डायव्हर्सनी मोटारसायकलींचे सुटे भागही काढून नेले आणि बोटींनी जहाजालाच दोर बांधून कठडे वाकवले. तुमची बोट दोर कुठे बांधणार, हे बुकिंग करतानाच विचारा.