सीझरचे ७५ द्राख्मा: इंग्रजीच्या तासाचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत इंग्रजीच्या शिक्षकांची पत्रं जास्त आहेत. बहुतेकांना एकच गोष्ट जमवायची आहे: मुलांकडून शेक्सपिअर आजच्या भाषेत लिहून घ्यायचा आणि त्याच ओघात त्यांना संदर्भ शोधायलाही शिकवायचं. ही दोन कामं वेगवेगळी काढली की दोन्ही फसतात, असं आमचं स्पष्ट मत आहे. शोध वेगळा घेतला तर चरित्राची पानं उतरवून येतात आणि लेखन वेगळं घेतलं तर मोबाइलवरचं भाषांतर येतं.

प्रश्न: दहावीला 'ज्युलियस सीझर' आहे. अँटनीचं भाषण आजच्या इंग्रजीत लिहून आणायला सांगितलं, तर निम्म्याहून जास्त वह्यांत शब्दन् शब्द सारखा मजकूर. उरलेल्यांनी नुसतं 'हॅथ'चं 'हॅज' केलेलं. काय करावं? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

नाटकात ब्रूटस आणि त्याचे साथीदार सीझरचा खून करतात. मग जमावापुढे आधी ब्रूटस बोलतो आणि नंतर सीझरचा मित्र अँटनी. अँटनीचं ते पूर्ण भाषण घरी देऊ नका. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशातल्या त्या भाषणाचा पहिला टप्पाच पस्तीसेक ओळींचा आहे. त्यातल्या बारा ओळी घ्या आणि काम वर्गातच, हातानं लिहून करून घ्या. कागद आडवा धरून चार रकाने आखायला सांगा: मूळ ओळ, मराठीत अर्थ, आजचं इंग्रजी आणि 'का बदललं'. खरा अभ्यास दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात होतो. तयार भाषांतर फक्त तिसरा रकाना भरून देतं.

मराठीचा रकाना गाळावासा वाटेल, पण गाळू नका. शेक्सपिअरच्या इंग्रजीत 'दाउ' आणि 'यू' असा भेद आहे, आजच्या इंग्रजीत तो उरलेला नाही. आपल्या मुलांच्या तोंडात मात्र तू, तुम्ही, आपण रोज असतं. सीझरच्या प्रेताशी अँटनी 'दाउ' म्हणून बोलतो. मुलं तिथे आपोआप 'तू' लिहितात आणि तो जवळचा, एकट्यानं बोललेला सूर त्यांना लगेच कळतो. आता हा 'तू' आजच्या इंग्रजीत कसा आणायचा? नावानं हाक मारून, की छोटी तुटक वाक्यं लिहून? या प्रश्नावर पंधरा मिनिटं गेली तरी ती वाया गेली असं समजू नका.

दुसरी अडचण ओळखीच्या शब्दांची. अनोळखी शब्द मुलं कोशात बघतात, ओळखीच्या शब्दावर घसरतात. ब्रूटस सीझरवर आरोप करतो तो 'अँबिशस' असल्याचा. आज हा शब्द कौतुकाचा आहे. मराठीतला 'महत्त्वाकांक्षी' तर आपण गुणवंतांच्या सत्कारातच वापरतो. मग मुलांना कोडं पडतं की एवढ्यासाठी माणूस मारला? त्या काळी या शब्दाला सत्तेच्या हावेचा काळा रंग होता. म्हणून तिसऱ्या रकान्यात 'अँबिशस' तसाच राहिला, तर अख्खं भाषण पोकळ होतं. 'सत्तेचा लोभी' या अर्थाचा शब्दप्रयोग हवा आणि चौथ्या रकान्यात त्याचं कारण हवं. ब्रूटसच्या भाषणातल्या 'सेन्शर'चंही तसंच: तिथे त्याचा अर्थ निंदा करणं नसून पारखून निवाडा करणं असा आहे. त्याच भाषणातला 'रूड' म्हणजे रानटी, असंस्कृत. हे तीन शब्द फळ्यावर आधीच लिहून ठेवा आणि 'आजचा अर्थ चालणार नाही' एवढंच सांगा. अर्थ त्यांना शोधू द्या.

तिसरी गोष्ट पुनरुक्तीची. त्या पस्तीस ओळींत अँटनी ब्रूटसला चार वेळा 'ऑनरेबल मॅन' म्हणतो. मुलं चारही वेळा वेगळा शब्द घालतात, कारण निबंधात एकच शब्द पुन्हा वापरू नये असं आपणच शिकवलेलं असतं. इथे तो नियम मोडायला सांगा. आपल्या सभांमध्ये 'सन्माननीय' हा शब्द उच्चारायची पद्धत आठवून बघा: पहिल्यांदा मान, दुसऱ्यांदा शिष्टाचार, चौथ्यांदा सरळ टोमणा. शब्द तोच राहिला तरच हा प्रवास ऐकू येतो. ओळी मोठ्यानं वाचून घेतल्या की मुलांना वेगळं समजावावं लागत नाही.

आणि ब्रूटस गद्यात बोलतो, अँटनी पद्यात. दोघांनाही एकाच साच्यात घालू नका. ब्रूटसचं भाषण छापील निवेदनासारखं, मुद्देसूद लिहून घ्या आणि अँटनीचं बोलल्यासारखं, मध्येच थांबणारं.

प्रश्न: संदर्भ शोधायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं? वर्गात ४८ मुलं, शाळेत मोबाइलला बंदी, संगणक कक्ष आठवड्यातून एकदा. (शिक्षक, नांदेड)

सुरुवात एका ओळीपासून करा. 'शेक्सपिअरचं जीवन', 'रोमचा इतिहास' असले विषय दिले की उतारेच येणार, कारण त्यांत शोधण्यासारखं काही नसतं. प्रश्न निवडताना कसोटी एकच: उत्तर सापडलं तर आपल्या लेखनातला कोणता शब्द बदलेल? एकही शब्द बदलणार नसेल तर प्रश्न सोडून द्या.

आम्ही सुचवू तो प्रश्न पैशांचा आहे. अँटनी सीझरचं मृत्युपत्र वाचून सांगतो की प्रत्येक रोमन नागरिकाला ७५ द्राख्मा मिळणार. आजच्या भाषेत लिहिताना मुलं '७५ रुपये' किंवा '७५ डॉलर' लिहितात आणि मग एवढ्याशा रकमेसाठी जमाव का पेटला हे त्यांना कळत नाही. इथून माग काढायला लावा.

द्राख्मा तर ग्रीक नाणं. मग रोममध्ये कसं? शेक्सपिअरनं ही गोष्ट घेतली टॉमस नॉर्थच्या १५७९ सालच्या इंग्रजी भाषांतरातून. नॉर्थनं ते केलं झाक आम्योच्या फ्रेंच भाषांतरावरून आणि मूळ लेखक, चरित्रकार प्लूटार्क, लिहीत होता ग्रीकमध्ये, म्हणून त्यानं रोमन रक्कम ग्रीक नाण्यात सांगितली. लॅटिनमध्ये लिहिणारा रोमन चरित्रकार सुएटोनियस हीच देणगी ३०० सेस्टर्स सांगतो. वरवर दोन साधनं दोन वेगळे आकडे देतात. पण सेस्टर्स आणि डिनारियस ही दोन्ही रोमन नाणी, चार सेस्टर्स म्हणजे एक डिनारियस, आणि प्लूटार्क द्राख्मा धरतो तो डिनारियसच्या बरोबरीनं. म्हणजे ३०० भागिले ४, पुन्हा ७५. फळ्यावर हा भागाकार झाला की मुलांना पटतं की साधनांतला विरोध खरा आहे की नुसता दिसण्यापुरता, हे तपासावं लागतं.

आता किंमत. त्या काळच्या रोमन पायदळी सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ डिनारियस धरला जातो. ७५ म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा, चार महिन्यांचा पगार. 'प्रत्येकाच्या हातात चार महिन्यांचा पगार' असं लिहिलं की जमावाची हालचाल समजते. चलन बदलून देणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर हे उत्तर मिळणार नाही.

चुणचुणीत गटासाठी याच जागी आणखी एक धागा आहे. सीझरच्या बागा टायबर नदीच्या 'अलीकडे' असल्याचं अँटनी सांगतो, त्या होत्या पलीकडे. ही चूक आम्योची, नॉर्थनं ती उचलली आणि शेक्सपिअरनं नॉर्थवरून घेतली. छापलेली चूक एका पुस्तकातून दुसऱ्यात कशी जाते, याचं इतकं नेटकं उदाहरण सहज मिळत नाही.

मोबाइल नसल्यानं अडत नाही. चार-चार मुलांचे बारा गट करा आणि प्रत्येक गटाला चार पानांची छायाप्रत द्या: नाटकातला उतारा, नॉर्थमधला उतारा, सुएटोनियसच्या सीझर-चरित्रातलं ८३ वं प्रकरण इंग्रजीत आणि जालावरचा एखादा सारांश. एकूण ४८ पानं. नाटकाचा विश्वासार्ह मजकूर वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. प्लूटार्क आणि सुएटोनियसची इंग्रजी भाषांतरं टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' या संग्रहात आहेत. नॉर्थसाठी स्कीट या संपादकानं १८७५ साली काढलेली निवडक आवृत्ती इंटरनेट अर्काइव्हवर बघा.

तासांची वाटणी साधारण अशी: पहिला तास ओळ निवडून प्रश्न बांधायला, दोन तास पानं वाचून नोंदींना, एक तास नोंदी समोरासमोर ठेवून ताडायला, दोन तास लेखनाला. घाई झाली तर लेखनाचा एक तास कमी करा, ताडण्याचा करू नका.

नोंदीसाठी पोस्टकार्डाएवढे कागद कापून घ्या. एका कागदावर एकच माहिती. वर कुणी, कधी, कुठे लिहिलं. मध्ये मूळ वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत. पान उलटं करून, मूळ वाक्य न बघता, पाठीमागे स्वतःच्या शब्दांत एक ओळ. उलटं करण्यावर हटून बसा. उतरवण्याची सवय बहुतेक वेळा लबाडीतून येत नाही. मूळ वाक्य डोळ्यांसमोर असताना दुसरं सुचत नाही, म्हणून येते.

सगळ्यात जास्त फसगत 'दोन साधनं पाहा' या सूचनेत होते. दोन संकेतस्थळांवर तेच वाक्य सापडलं की मुलं समाधान मानतात, पण एकानं दुसऱ्याचं उचललेलं असतं. म्हणून 'यांना हे कुठून कळलं?' हा प्रश्न प्रत्येक कागदावर हवा. उत्तर नसेल तर ते साधन मोजायचं नाही.

प्रश्न: कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन मुलं घरी वापरतातच. त्यावर पूर्ण बंदी घालावी का? (शिक्षिका, ठाणे)

घरी बंदी पाळली जाणार नाही. त्यापेक्षा त्या साधनाचं उत्तर वर्गात आणून तपासायला लावा. ही साधनं अधूनमधून नसलेल्या ओळी आणि नसलेले संदर्भ अगदी ठामपणे देतात. तपासायचा सराव आधी सोप्या गोष्टीवर घ्या. शेक्सपिअरच्या नावावर फिरणारी तीन इंग्रजी वाक्यं द्या: अपेक्षा हे सगळ्या दुःखाचं मूळ, फसवणुकीचं गुंतागुंतीचं जाळं आणि चकाकतं ते सगळं सोनं नसतं. मग ती 'ओपन सोर्स शेक्सपिअर' या संकेतस्थळाच्या शब्दसूचीत शोधायला सांगा. पहिलं शेक्सपिअरमध्ये सापडणारच नाही. दुसरं वॉल्टर स्कॉटच्या १८०८ च्या काव्यातलं आहे. तिसरं 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये मिळेल, पण तिथे शब्द 'ग्लिस्टर्स' आहे, 'ग्लिटर्स' नाही. 'ग्लिटर्स' टाकून शोधणाऱ्या मुलाच्या हाती काही लागत नाही, आणि शोधशब्द बदलून बघायचा असतो हा धडा त्याला तिथेच मिळतो.

प्रश्न: 'सीझर' आपल्याकडच्या एखाद्या गावात किंवा सहकारी साखर कारखान्यात घडवला तर चालेल का? मुलं उत्साहात आहेत, पण सगळं विनोदी होतंय. (शिक्षक, कोल्हापूर)

जरूर चालेल. शेक्सपिअरनंही सीझरच्या रोममध्ये ठोके देणारं घड्याळ वाजवलं आहे, आणि तसं घड्याळ तेव्हाच्या रोममध्ये नव्हतं. आपल्याकडे तर ही वाट जुनी आहे. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं आणि हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. देवलांनी 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं, शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'चं 'राजमुकुट'. तालुक्याच्या वाचनालयात यातलं एखादं सापडलं तर त्याचं एक पान मूळ प्रवेशाशेजारी ठेवा आणि नावं, नाती, देवदेवता यांत काय बदललं, काय राहू दिलं, ते मुलांना खुणा करून दाखवू द्या.

विनोद होतो, कारण मुलं आधी कपडे आणि बोली बदलतात. आधी बळाची वाटणी ठरवून घ्या: कुणाच्या हातात सत्ता, ती कोण देतं, कोण काढून घेऊ शकतं आणि जमावाला कशाची भूक आहे. सेनेटच्या जागी संचालक मंडळ बसेल, अंत्यविधीच्या भाषणाच्या जागी शोकसभा तर चपखल बसेल. खून मात्र सहज बसत नाही. तिथे गटानं ठरवावं की मृत्यू ठेवायचा, की माणसाला पदावरून उडवायचं. पदावरून उडवलं तर मृत्युपत्र जातं, प्रेत जातं आणि अँटनीच्या हातात दाखवायला रक्तानं भरलेला झगा उरत नाही. त्याच्या जागी काय, याचं उत्तर मिळेपर्यंत लेखन सुरू करू देऊ नका.

गाव आणि नावं काल्पनिकच ठेवा. खऱ्या पुढाऱ्याशी साम्य आलं की मुलं पात्र सोडून त्याची नक्कल करायला लागतात.

प्रश्न: ज्युलिएट गच्चीतून 'व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ' म्हणते, ते 'रोमिओ, तू कुठे आहेस' असंच ना? (विद्यार्थिनी, अकरावी, पणजी)

नाही. 'व्हेअरफोर' म्हणजे 'का'. 'तू रोमिओच का आहेस?' असं ती म्हणते: वैऱ्याच्या घरातलं हे नाव तुझ्या वाट्याला का आलं? म्हणून विश्वासार्ह आवृत्तीत 'रोमिओ'च्या आधी स्वल्पविराम नसतो. पुढच्या ओळीत ती त्याला नाव टाकून द्यायला सांगते, तिथे हा अर्थ पक्का होतो. अडलं की पुढच्या दोन ओळी वाचायच्या, मग कोश उघडायचा.

प्रश्न: गुण कसे द्यावेत? (अनेकांचा प्रश्न)

२० पैकी ८ 'का बदललं' या रकान्याला, ६ नोंदींच्या कागदांना, ४ आजच्या इंग्रजीला आणि २ मोठ्यानं वाचून दाखवण्याला. इंग्रजीला कमी गुण बघून पालक विचारतील. त्यांना चारही रकाने दाखवा. ज्या बदलाचं कारण मूल तोंडी सांगू शकत नाही, त्याचे गुण कापा, मग वाक्य कितीही सुबक असो. उलट कारण नीट असेल आणि इंग्रजी अडखळत असेल, तर गुण द्या आणि ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्या.