जुनी एमएक्स-5 घरी सांभाळताना: झाकून ठेवू नका, चालवत राहा

तुम्ही विचारलंय की 1991 ची मझदा एमएक्स-5, म्हणजे दोन सीटांची, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स गाडी, नुकतीच हाती आली आहे आणि आजवर कधी पाना धरलेला नाही, तर घरच्या घरी किती करता येईल? शिवाय किलोमीटर वाढू नयेत म्हणून गाडी झाकून ठेवावी का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. झाकून ठेवू नका. माझ्याकडे याच पिढीची 1.6 लिटरची गाडी अकरा वर्षं आहे. तिच्यात जे बिघडलं ते जवळपास सगळं उभं राहून बिघडलेलं होतं.

आधीच्या मालकाने ती फार जपली होती. वर्षाला शे-दोनशे किलोमीटर, बाकी वेळ कव्हरखाली. रंग असा की तोंड दिसावं. पण मागच्या कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना जागच्या जागी धरल्या होत्या, क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमधलं (पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या छोट्या सिलिंडरमधलं) रबर ताठरून तेल गळत होतं, आणि टायरची नक्षी नव्यासारखी असली तरी रबर लाकडासारखं झालं होतं. टायरचं वय त्याच्या बाजूवरच लिहिलेलं असतं. डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. तीनच आकडे असले तर तो टायर 2000 च्या आधीचा, आणि त्यावर गाडी रस्त्यावर काढायचीच नाही. दहा वर्षं उलटली की नक्षी कितीही शिल्लक असो, मी टायर बदलतो. साडेनऊशे किलोच्या आसपासची ही हलकी गाडी वळणावर जी काही मजा देते ती शेवटी चार टायरांच्या जोरावर, त्यामुळे इथे काटकसर करवत नाही.

गाडी न हलवता आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवायची सवय अनेकांना असते. ती तुम्ही लावून घेऊ नका. थंड इंजिनात ज्वलनातून तयार होणाऱ्या वाफेचं पाणी होतं, ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं, आणि पाच मिनिटांत ते परत उडून जाईल इतकं काही तापत नाही. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तापलं, ऑइल नाही. ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून काढलीत की अर्धा तास तरी फिरवून आणा, आणि पहिली दहा मिनिटं इंजिन ताणू नका.

आता घरी काय करता येईल ते. या गाडीतलं बहुतेक काम घरी होतं, आणि याबाबतीत तुम्ही नशीबवान आहात. बॉनेट उघडलंत की दिसेल, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आहे, दोन्ही बाजूंना हात जायला जागा आहे, आणि प्लग वरूनच निघतात.

पण गाडीखाली जाण्याआधी दोन चांगले स्टँड घ्या. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नाही. पुढून उचलायची तर मधल्या क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर), मागून डिफरन्शिअलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या) घरावर जॅक लावायचा, आणि स्टँड दाराखालच्या मजबूत केलेल्या ठिकाणी ठेवायचे. जमीन सपाट हवी. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला जोरात ढकलून बघा. हलली तर उतरवून पुन्हा ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी हातसुद्धा घालत नाही.

पहिलं वर्ष फक्त तेल, पाणी आणि रबर यांवर घालवा. मोठा सायलेन्सर, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, हे सगळं नंतर. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रतीचं नवं तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तीच हमी 155 अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक लावताना तेल उकळलं तर पेडल सरळ तळाशी जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, कारण ते रंग खातं. क्लचच्या तेलाची डबी वेगळी असते, तिला विसरू नका. ती अधूनमधून रिकामी दिसू लागली तर स्लेव्ह सिलिंडर गळतोय असं समजा. तो गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला आहे. दोन बोल्ट आणि एक पाइप, नवशिक्यानेही एका दुपारी करण्यासारखं काम आहे.

रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग बघा. काळी असेल तर ठीक. उन्हा-तापाने ती तपकिरी, शेवाळी दिसायला लागली असेल तर फुटण्याची वाट बघू नका. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा, साधारण 96,000 किलोमीटरला बदलायचा असतो. पण तुमच्या गाडीचं वय पाहता शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. एक दिलासा आहे. या 1.6 इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी फक्त जागेवर बंद पडते. बेल्ट बदलाल तेव्हा क्रँकशाफ्टचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोकही तपासा. सुरुवातीच्या काही इंजिनांत ते आखूड आहे आणि तिथली चावी (पुलीला दांड्यावर घट्ट धरणारा लोखंडी तुकडा) सैल होण्याचा इतिहास आहे. चालू इंजिनात खालची पुली डोलताना दिसली तर गाडी तिथेच थांबवा.

ऑइल बदलणं मात्र पहिल्याच महिन्यात स्वतः करा. इंजिनात साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल मावतं. फिल्टर इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली दडलेला आहे, वरून दिसतही नाही. मी खालून एक हात घालून नुसत्या बोटांनी तो शोधतो. इंजिन कोमट हवं, गरम नको, नाहीतर मनगट भाजतं. फिल्टर सुटला की त्यातलं ऑइल हाताच्या कोपरापर्यंत ओघळतं, म्हणून खाली फडकं दाबून ठेवायचं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्यासोबत निघाली का, हे बोट फिरवून बघा. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि वर नवी बसली तर सगळं ऑइल बाहेर येईल. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच कसा. नट-बोल्टच्या बाबतीतही हेच, पहिले दोन-तीन आटे बोटांनी फिरवायचे. बोटांना अडलं तर आटे वाकडे बसतायत. तिथे पान्याने जोर केलात की ॲल्युमिनियममधले आटे गेलेच.

काही कामं मी घरी करत नाही. स्प्रिंग दाबून काढणं, एअरबॅग असलेल्या स्टिअरिंगला हात लावणं, सिलचं (दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीचं) वेल्डिंग, चाकांचं अलाइनमेंट. यांना यंत्र लागतं नाहीतर सरावलेला हात. त्यासाठी पैसे द्यायला मला कधी जड जात नाही.

कापडी टप खाली करताना मागच्या प्लास्टिकच्या काचेची चेन आधी उघडा, ती सपाट झोपवा आणि मगच टप घडी घाला. घाईत मी एकदा तसाच मुडपला. त्या घडीची पांढरी रेघ अजून आरशात रोज दिसते.

आणि चालवताना रेडिओ बंद ठेवा. थंड गाडीत दुसरा गिअर जरा अडतो. गिअरबॉक्स तापला की तोच गिअर मनगटाच्या एका हलक्या हिसक्यात पडतो, आणि तो फरक हाताला कळायला लागला की गिअरबॉक्सची तब्येत तुम्हाला कुणी सांगावी लागत नाही. इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक आली तर बहुधा हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट भरून काढणारे भाग) असतात, वेळेवर बदललेल्या योग्य ऑइलने ती पुष्कळदा थांबते. वळणात घरघर वाढली की चाकाचं बेअरिंग. तुम्ही गाडी मजेसाठी काढलेली असते आणि त्याच फेरीत तिची तपासणीही होते. माझे सगळे बिघाड मी असे रस्त्यावर, कानाने पकडले आहेत.

या रविवारी एकच काम करा. टपावरून ओघळणारं पाणी सीटबेल्टच्या खांबांमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. पानांचा चुरा अडकून या नळ्या तुंबल्या की पाणी सिलमध्ये शिरतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेरचा रंग चकचकीत असतानाच. माझ्या गाडीत ब्रेक दाबला की दाराखालून पाणी डचमळल्याचा आवाज यायचा. महिनाभर मी तो पेट्रोलच्या टाकीचा समजत होतो. तार घालू नका, नळीचं रबर फाटतं. मऊ, लवचीक प्लास्टिकची नळी हळूहळू सरकवा, मग पेलाभर पाणी ओता. मागच्या चाकापुढे पांढरा कागद पसरून ठेवा. स्वच्छ पाणी लगेच आलं तर उत्तम. काळा चिखल आला तर निवळ येईपर्यंत ओतत राहा. काहीच आलं नाही तर ओतणं थांबवा, आणि गाडी उचलून सिलचा खालचा काठ टॉर्चने नीट बघा.