तीन कागद, तीन नावं

तिने फाइल माझ्यापुढे सरकवली. “मॅडम, यातलं खरं कुठलं?”

दीड वर्षात तिने तीन डॉक्टरांना दाखवलं होतं. एका कागदावर जनरलाइज्ड अँक्झायटी (सगळ्याच गोष्टींची सततची काळजी), दुसऱ्यावर पॅनिक डिसऑर्डर (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके), तिसऱ्यावर चिंता आणि नैराश्य एकत्र. तिने अर्थ लावला होता : एकतर डॉक्टरांना कळत नाही, नाहीतर मलाच काहीतरी भयंकर झालंय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मी समुपदेशक. निदान करणं माझं काम नाही, ते मनोविकारतज्ज्ञांचं. मी एवढंच विचारलं, “कुठे काय सांगितलंत?” पहिल्यांदा ती झोप उडाल्याचं आणि सतत मनात घोळणाऱ्या काळज्यांचं बोलली होती. दुसऱ्यांदा गेली ती लिफ्टमध्ये दम कोंडल्याच्या दुसऱ्याच दिवशी. बाकी विषयच निघाला नाही. तिसऱ्यांदा नुसती रडली. ज्याने जे ऐकलं त्याला त्याने नाव दिलं.

शिवाय हे कप्पेही माणसांनीच पाडलेले. पूर्वी ‘अँक्झायटी न्यूरोसिस’ हे एकच नाव चालायचं. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने 1980 मध्ये त्याचे पॅनिक आणि जनरलाइज्ड असे दोन भाग केले. दुसऱ्यासाठी तेव्हा महिनाभराचा त्रास पुरे होता, 1987 मध्ये अट सहा महिन्यांची झाली. 2013 मध्ये ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा विकार) चिंताविकारांच्या प्रकरणातून बाहेर पडला. साखरेसारखा रक्तातला आकडा इथे नाही. चिंता मोजणारी सात प्रश्नांची जीएडी-7 चाचणी असते, तिच्यात तिला 21 पैकी 16 गुण होते. पण ती मागच्या दोन आठवड्यांचं विचारते. त्रास किती ते कळतं, कुठला ते नाही.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, “धडधड सुरू झाली की नेमकी कशाची भीती वाटते? मरणाची?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “नाही हो. सगळ्यांसमोर कोसळेन, लोक बघत राहतील, याची.” रिकाम्या लिफ्टने ती बिनधास्त जायची!

फाइलमध्ये हे कुठेच नव्हतं. आणि थायरॉइडची तपासणीही नव्हती, याचा मला खरा राग आला. तो बिघडला तरी अशीच धडधड होते. दोन्ही गोष्टी मी मनोविकारतज्ज्ञांना कळवल्या. थायरॉइड ठीक निघाला. त्यांनी सोशल अँक्झायटी (लोक आपल्याकडे बघतील, याची भीती) लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.

“म्हणजे आता चौथं!” ती चक्क हसली. पुढच्या आठवड्याचा सराव आम्ही ठरवला : लिफ्ट, आत दोन ओळखीची माणसं, फक्त एक मजला.