रानगाजर: फुलासाठी हिवाळा हवाच

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या मे महिन्यात घरामागे ‘क्वीन ॲन्स लेस’चं बी पेरलं. पानांचे झुबके छान आले, पण फूल एकही नाही. जागा बदलायला रोपं उपटली तर निम्मी मेली. काय चुकलं?

उत्तर: फुलाच्या बाबतीत तुमचं काही चुकलेलं नाही. क्वीन ॲन्स लेस म्हणजे रानगाजर, शास्त्रीय नाव डॉकस कॅरोटा. आपण खातो ते गाजर याच जातीचं. हे दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानं आणि खाली सोटमूळ, मग हिवाळाभर थंडी खाल्ली की दुसऱ्या उन्हाळ्यात फुलदांडा. थंडी लागून कांद्याला डेंगळे येतात, तसंच हे. झुबका फारच लहान राहिला असेल तर ते आणखी एक वर्ष थांबतं. तेव्हा उरलेली रोपं हलवू नका. मेलेली रोपं सोटमूळ तुटल्यामुळे गेली. गाजराचं बी नेहमी कायमच्या जागीच पेरावं.

नवं बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात टाका, नाहीतर एप्रिलमध्ये जमीन मोकळी झाल्यावर. दिवसाला निदान सहा तास ऊन आणि पाणी न साचणारी जागा हवी. माती आठ-दहा इंच भुसभुशीत करा, खडे वेचा, तण काढा. खत मात्र घालू नका. मायेनं घातलेलं शेणखतच इथे नडतं: नत्र जास्त झालं की दांडे उंच आणि लुसलुशीत होतात आणि पहिल्या वादळी पावसात आडवे पडतात.

बियांना आकड्यांसारखे केस असतात, त्यामुळे त्यांचे गोळे होतात. तळहातांवर चोळून केस झाडा, चौपट कोरडी वाळू मिसळा आणि विस्कटून पेरा. वर पाव इंचापेक्षा जास्त माती नको. फळीनं हलकं दाबा. उगवायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि तेवढे दिवस वरचा थर ओला राहिला पाहिजे. तो वाळून कडक झाला तर नाजूक कोंब वर येऊच शकत नाही. बी खराब निघालं असं वाटतं ते बहुतेक वेळा यामुळेच. रोपं दोन इंचांची झाली की आठ-दहा इंचांवर एक ठेवून बाकीची कात्रीनं कापा. उपटलीत तर शेजारच्याचं मूळ हलतं. पुढे मोठा कोरडा काळ आला तरच पाणी द्या.

फुलांची छत्री बी धरताना आत मिटून पक्ष्याच्या घरट्यासारखी होते. ती तपकिरी होण्याआधी कापा. एका झाडाचं बी हजारोंनी पडतं आणि मातीत काही वर्षं जिवंत राहतं. अमेरिकेतल्या काही राज्यांत हे झाड उपद्रवी तणांच्या यादीत आहे, म्हणून पेरण्याआधी आपल्या राज्याची यादी बघा.

प्रश्न: रस्त्याकडेला हीच झाडं भरपूर दिसतात. त्यांचं बी आणलं तर? आणि मूळ खाता येतं का?

उत्तर: बी विकतच घ्या. अशाच पांढऱ्या छत्र्यांचं हेमलॉक रस्त्याकडेलाच उगवतं आणि त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे. इ. स. पूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसला दिलं गेलं ते हेच विष. दांडा बघा: रानगाजराचा केसाळ आणि खरखरीत, हेमलॉकचा गुळगुळीत, पोकळ, जांभळ्या डागांचा. छत्रीच्या खाली बघा: रानगाजराला लांब, फाटे फुटलेल्या हिरव्या दोऱ्यांची झालर असते, हेमलॉकची तिथली पानं आखूड आणि बिनफाट्याची. छत्रीच्या मधोमध एखादं गडद लाल फूल असणं ही रानगाजराची खूण सांगतात, पण ते सगळ्या छत्र्यांत नसतं, म्हणून त्यावर विसंबू नका. पहिल्या वर्षी दांडाच नसतो, आणि मूळ खाण्याजोगं असतं ते त्याच वर्षी. घोटाळा होतो तो इथेच. शंका असलेलं मूळ तोंडात घालू नका. चुकून खाल्लं गेलं तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

खात्रीचं मूळसुद्धा पांढरं, बारीक आणि लवकर लाकडासारखं होणारं असतं. चवीसाठी एवढा धोका पत्करण्याजोगं नाही. बियांचा वापर लोकवैद्यकात गर्भधारणा टाळायला होत आला आहे, म्हणून गरोदर बाईनं ते मुळीच घेऊ नये. झाडाचा रस अंगाला लागून ऊन पडलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. कापणीला हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात.

प्रश्न: पुण्यात गच्चीवर येईल का?

उत्तर: पानं येतील, फुलाचा भरवसा नाही, कारण पुण्याच्या हिवाळ्यात पहाटेचा गारवा दुपारी टिकत नाही. तुम्हाला हवी आहे ती पांढरी छत्री. मग देशी लाल गाजर लावून बघा. त्याला युरोपीय नारंगी वाणांइतकी थंडी लागत नाही, आणि छत्री तशीच येते. डिसेंबरात ताजं, शेंडा शाबूत असलेलं गाजर घ्या, खालचा तिसरा भाग कापा, पाला दोन-तीन इंच ठेवा आणि फूटभर खोल कुंडीत डोकं मातीच्या पातळीला येईल असं पुरा. पाणी बेतानं द्या. कापलेली बाजू सतत ओली राहिली तर कुजते. याहून सोपं हवं असेल तर शेपू किंवा कोथिंबीर फुलू द्या.

प्रश्न: परदेशातल्या बागेत गाजराचं बी राखतो. जवळ रानगाजर असल्यास बिघडतं का?

उत्तर: हो. मधमाश्या आणि माश्या दोघांचं परागीकरण करतात. संकरातून पांढरी, चिवट मुळं येतात आणि झाडं लवकर फुलावर जातात. भारतात गाजराच्या प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणांपासून 800 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढे प्रमाणित बी तयार करतात) 1000 मीटर अंतर ठरलेलं आहे. बागेत एवढं अंतर मिळत नाही, म्हणून आजूबाजूच्या रानगाजराच्या छत्र्या उमलण्याआधी कापा, नाहीतर बीसाठी ठेवलेली झाडं बारीक जाळीत झाका आणि फुलांवरून रोज मऊ कुंचला फिरवा.