गमावलेला स्नायू पुन्हा वाढवता येतो का?

प्रश्न : खेळताना फाटलेला स्नायू काही आठवड्यांत भरून येतो, मग अपघातात माझ्या भावाच्या मांडीचा गेलेला भाग का भरत नाही?

उत्तर : स्नायूतंतूंना लगटून असलेल्या उपग्रह पेशी, ज्यांचे वर्णन अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये केले, इजा होताच विभागू लागतात आणि एकमेकींत मिसळून नवे तंतू घडवतात. मात्र त्यासाठी जुन्या तंतूंचे आवरण, रक्तवाहिन्या आणि चेता जागेवर असाव्या लागतात. स्नायूचा मोठा लचकाच निघाला तर पेशींबरोबर त्यांना दिशा देणारी ही चौकटही नाहीशी होते आणि तिथे आकुंचन न पावणारी व्रणऊती साचते. अशा जागी जैवपदार्थाचा, म्हणजे उदाहरणार्थ प्राण्याच्या ऊतीपासून केलेला, सांगाडा शस्त्रक्रियेने बसवून पाहिला जातो; त्यामागचा हेतू ती चौकट परत पुरवण्याचा आहे.

प्रश्न : डुकराच्या मूत्राशयापासून केलेला सांगाडा शरीर नाकारत नाही का?

उत्तर : त्यातील पेशी धुऊन काढलेल्या असतात, उरते ते मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे जाळे. धुलाई अपुरी राहिली तर दाह होतो.

प्रश्न : या उपचाराने ताकद किती परत येते?

उत्तर : अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधक स्टीफन बॅडिलॅक यांच्या गटाने २०१६ मध्ये १३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी फिजिओथेरपीने सुधारणा थांबेपर्यंत प्रयत्न करून मगच सांगाडा बसवला होता, त्यामुळे नंतरची वाढ निव्वळ व्यायामाची म्हणता येत नाही. सहा महिन्यांनी ताकद सरासरी ३७.३ टक्के वाढली होती. हे उत्साहवर्धक आहे, पण ही वाढ रुग्णाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या, म्हणजे आधीच क्षीण झालेल्या, ताकदीच्या तुलनेत आहे आणि अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. शिवाय उंदरांवरील अनेक प्रयोगांत नुसत्या सांगाड्याच्या जागी नवे स्नायूतंतू थोडेच आणि तंतुमय ऊतीच जास्त आढळली. अशी ऊतीही उरलेल्या स्नायूचे बल पुढे पोहोचवू शकते, म्हणून ताकद वाढली एवढ्यावरून स्नायू पुन्हा वाढला असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. म्हणूनच आता सांगाड्यात रुग्णाच्याच स्नायूचे बारीक तुकडे किंवा उपग्रह पेशी घालून पाहिल्या जात आहेत, आणि तंतू एकाच दिशेने वाढावेत यासाठी सांगाड्याचे धागेही समांतर मांडले जातात.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर पूर्ण विश्रांती घ्यावी का?

उत्तर : पिट्सबर्गच्या रुग्णांना फिजिओथेरपी लवकर सुरू केली होती, कारण नव्या ऊतीची मांडणी तिच्यावर येणाऱ्या ताणानुसार होते. किती भार, केव्हा, हे मात्र शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट यांनी जखम पाहूनच ठरवावे.