मॉडेल 48 क्विंटल सांगतं, शेतात 31 आले

तुमची अडचण मला समजली ती अशी: निफाडकडची काळी जमीन, 20 नोव्हेंबरची पेरणी, डीएसएसएटीतलं (पिकाची वाढ संगणकावर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) मॉडेल हेक्टरी 48 क्विंटल गहू दाखवतंय आणि शेतकऱ्याला मिळाले एकरी साडेबारा, म्हणजे हेक्टरी 31. आता वाणाचे गुणांक, म्हणजे तो वाण कधी फुलतो आणि दाणा किती भरतो हे मॉडेलला सांगणारे आकडे, किती खाली आणू?

उत्पादन जुळवायला गुणांकांना हात लावू नका. आधी फुलोऱ्याची तारीख जुळतेय का ते बघा. गव्हाचं घड्याळ उष्णतेवर चालतं. मॉडेल शून्य अंश पाया धरून रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करत जातं. समजा, दाणे भरायला 700 अंश-दिवस लागतात. सरासरी 20 अंश असेल तर 35 दिवस मिळाले, 25 असेल तर 28. तो आठवडा गेला की दाणा बारीक राहतो; उशिरा पेरलेल्या गव्हाचं मुख्य दुखणं हेच. फुलोराच आठ दिवस चुकला असेल आणि तरी उत्पादन जुळलं, तर तो निव्वळ योगायोग.

फुलोरा जुळतोय? मग ते 17 क्विंटल शेतात शोधा. सिंचन 'ऑटोमॅटिक'वर ठेवलं असेल तर तुमच्या मॉडेलमधला गहू कधी तहानलाच नाही. शेतकऱ्याचं मात्र मुकुटमुळं फुटतानाचं, 18 ते 21 दिवसांचं पाणी लाईट नसल्यामुळे हुकलेलं असू शकतं. तांबेरा, मावा, उंदीर यातलं काहीही मॉडेलला आपणहून दिसत नाही. गारा तर नाहीतच. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं महाराष्ट्रात उभी पिकं आडवी केली. त्या वर्षाच्या हवामानावर रन घेतलात, म्हणजे मॉडेल चालवलंत, तर ते खुशाल चांगलं पीक दाखवेल.

हवामानाची फाइलही एकदा उघडून बघा. सौर प्रारण, म्हणजे जमिनीवर पोचणारी सूर्याची ऊर्जा, मेगाज्यूलमध्ये लागतं. मी एकदा त्या रकान्यात सूर्यप्रकाशाचे तास भरले आणि उत्पादन का पडलं म्हणून आठवडाभर जमिनीला दोष देत बसलो. नासा पॉवरचं (नासाच्या हवामान-आकड्यांच्या साठ्यातलं) तापमान घेतलं असेल तर त्याचा एक चौकोन 55-65 किलोमीटरचा असतो. निफाडची थंडी त्यात विरून जाते. जवळच्या केंद्राच्या किमान तापमानाशी ताडून घ्या.

आता पेरणीच्या तारखेची जोखीम. एका वर्षाच्या आकड्यात ती सापडणारच नाही. वाण, जमीन, खत, पाण्याच्या पाळ्या तशाच ठेवा आणि 1 व 15 नोव्हेंबर, 1 व 15 डिसेंबर अशा चार पेरण्या 30 वर्षांच्या हवामानावर चालवा. 120 रन होतात, संगणकाला काही मिनिटांचं काम. मग सरासरीकडे न बघता, खर्च भरून निघायला जेवढं पीक लागतं त्याच्या खाली किती वर्षं गेली ते मोजा. मॉडेल सगळीकडे थोडं जास्तच सांगत असलं तरी पेरणी-पेरणीतली तुलना बरीचशी टिकते.

बरीचशी म्हणालो, कारण उष्णतेत ती ढळते. गंगेच्या खोऱ्यातल्या गव्हावर उपग्रहाच्या मदतीनं झालेल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की 34 अंशांच्या वर पानं किती झपाट्यानं पिवळी पडतात, हे सीईआरईएस (डीएसएसएटीतलं गव्हाचं मॉडेल) आणि एप्सिम (तसंच दुसरं मॉडेल) दोघंही कमी लेखतात. 2022च्या मार्चमधल्या उष्णतेनंतर केंद्र सरकारनंही गव्हाचा अंदाज 11.13 कोटी टनांवरून 10.64 कोटींवर आणला होता. त्यामुळे 15 डिसेंबरच्या पेरणीला मॉडेल जेवढी वाईट वर्षं दाखवेल, ती कमीत कमी समजा.

वाण त्र्यंबक आहे की फुले समाधान, ते लिहिलेलं नाहीत. ते आणि निम्म्या ओंब्या फुलोऱ्यात आल्याची तारीख इथे टाका, मग गुणांकांचं बघू.